सेक्रेटरींच्या अंगात कोण येतं?

मला पहिला झटका आला तो आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, विषय क्रमांक तीनवर. एवढं नेमकं मी सांगू शकतो, कारण ते इतिवृत्तात लिहिलेलं आहे.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगचा मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो. या पदाला निवडणूक वगैरे होत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, तो सेक्रेटरी होतो. दिवसभर विम्याच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि संध्याकाळी जिन्यात पुन्हा तेच, फक्त विषय वेगळे: कुत्रा, कुंड्या, गळती, आणि वरच्यांचे ओले कपडे खालच्यांच्या पापडांवर ठिबकणं. हे सगळं मी हसतमुखाने ऐकायचो. आता वाटतं, इतकं हसायला नको होतं.

बिल्डिंग जुनी झाली होती आणि पुनर्विकासाला जायचं ठरलं होतं. बत्तीस सभासदांपैकी एकतीस जणांची लेखी संमती आली. राहिलेला सभासद सदनिका क्रमांक अकराचा, म्हणजे माझे वडील. घर बाबांच्या नावावर. मी आणि माझी बायको त्यांच्यासोबत राहतो. बाबा गिरणीतले. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करून त्यांनी हे घर घेतलेलं. ते नाही म्हणत नव्हते आणि हो पण म्हणत नव्हते. "बघूया," म्हणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मुलगा म्हणून मी त्यांच्याशी बोलायला हवं होतं. मी सेक्रेटरी म्हणून त्यांना नोटीस दिली. एकदा नाही, तीनदा. पाकिटावर 'सन्माननीय सभासद, सदनिका क्र. ११' असं लिहून, स्वतःच्याच घराची बेल वाजवून, दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन. बाबा चष्मा लावून 'मिळाली' असं लिहायचे, सही करायचे, खाली तारीख टाकायचे. मग आम्ही एकाच टेबलावर बसून जेवायचो. बायको मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "तू वेडा आहेस का रे? त्यांना वरण वाढतोस आणि नोटीस पण वाढतोस?"

तर त्या रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये सभा. विषय क्रमांक तीन, संमती न दिलेल्या सभासदांबाबत. मी कागद हातात धरून "सदनिका क्रमांक अकरा" असं म्हणालो आणि माझा डावा खांदा उडायला लागला. मी उजव्या हाताने तो दाबला, तर उजवा हातही सामील झाला. मग पाय. डोळे आपोआप मिटले, मान नको-नको म्हणावी तशी हलायला लागली, आणि मी सगळ्या सभासदांसमोर फरशीवर आडवा झालो.

फीट आली की कांदा नाही तर चामड्याची चप्पल हुंगवायची, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तळमजल्यावरच्या काकू कांदा आणायला धावल्या. त्या अख्खा कांदा घेऊन आल्या, मग कुणीतरी म्हणालं की तो कापायला हवा, म्हणून पुन्हा घरात सुरी शोधायला गेल्या. तोवर चपलेचा शोध सुरू झाला. पण हल्ली चामडं घालतं कोण? एकेकाचे पाय तपासले तर रबर, फोम, प्लास्टिक. "फोमची चालेल का?" "अगं, वास यायला पाहिजे." "माझ्या बुटाला येतो ना वास." "तो तुझ्या पायाचा येतो." ही सगळी चर्चा माझ्या डोक्यावर चालली होती. मला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता, फक्त जीभ आणि हातपाय माझे राहिले नव्हते.

शेवटी खरी कोल्हापुरी सापडली ती सदनिका चोवीसच्या पायात. हा गृहस्थ पाण्याच्या टाकीवरून चार वर्षं माझ्याविरुद्ध वर अर्ज करत होता. त्याने चप्पल काढली आणि माझ्या नाकाला लावली. त्याचा चेहरा मी पाहिला नाही, पण ती चप्पल त्याने गरजेपेक्षा बराच जास्त वेळ धरली, हे मी शपथेवर सांगेन.

आणि मग सगळ्यांच्या मागून बाबांचा आवाज आला. बाबा चिडले, किंवा आतलं काही बोलायचं असलं, की मालवणीत बोलतात. "उठ रे," ते म्हणाले, "नाटकां करू नको."

चपलेचं मला फारसं काही वाटलं नाही. बाबांच्या त्या वाक्याचं मात्र फार वाटलं. दहा मिनिटांनी अंग थांबलं, मी घामाने भिजून उठलो, लोकांनी पाणी दिलं, आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की यांना हे खोटं वाटलं. पुढचे सहा-सात महिने मी किती डॉक्टर केले, किती तपासण्या केल्या, त्या सगळ्यामागे खरं तर एकच हट्ट होता. या माणसाने एकदा म्हणावं की हे खरं आहे.

इतिवृत्त त्या दिवशी खजिनदारांनी लिहिलं, कारण मी पडलेलो. पुढच्या सभेत विषय क्रमांक एक, नेहमीप्रमाणे, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचायचं कुणी? सेक्रेटरीने. मी खणखणीत आवाजात वाचलं: "विषय क्र. ३ वर चर्चा सुरू असताना मा. सेक्रेटरी जमिनीवर पडले. त्यांना चामड्याची चप्पल हुंगवण्यात यावी असे ठरले. सूचक, सदनिका क्र. ७. अनुमोदक, सदनिका क्र. २४. ठराव सर्वानुमते मंजूर."

तळमजल्यावरच्या काकूंनी हात वर केला. "सर्वानुमते नाही हं. मी कांद्याच्या बाजूने होते."

यावर वीस मिनिटं चर्चा झाली. अखेर 'सर्वानुमते' खोडून 'बहुमताने' असं करण्यात आलं आणि मी त्या दुरुस्तीवर सही केली. मग विषय क्रमांक दोन झाला. मग तीन आला. मी "सदनिका क्रमांक अकरा" म्हणालो आणि पुन्हा खाली.

त्या दिवसापासून एक चमत्कार झाला. आमच्या सभेला कधीच कोरम व्हायचा नाही. वीस डोकी लागतात. बारा यायची, त्यातली तीन चहासाठी. मग सभा अर्धा तास तहकूब करायची आणि त्याच बारांवर उरकायची, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आता नोटीस लागली की लोक जिन्यात थांबवून विचारायला लागले, "या रविवारी आहे ना नक्की?" सभा म्हणायचं होतं की झटका, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या सभेला चाळीस माणसं होती, त्यातले दोघे शेजारच्या सोसायटीतले. वेफर्स कमी पडले.

घरी बाबा माझ्याशी या विषयावर अवाक्षर काढत नव्हते. त्यात नवरात्र आलं. घाटकोपरला माझी आत्या राहते, बाबांची धाकटी बहीण. तिच्या अंगात अष्टमीला देवी येते. तीही माझ्यासारखीच खांद्यापासून थरथरते, डोळे मिटते, मान हलवते. फरक एवढाच की तिच्यापुढे लोक रांग लावतात, ओटी भरतात, नारळ ठेवतात, आणि बाबा सख्ख्या धाकट्या बहिणीच्या पायावर डोकं टेकवतात. त्या वर्षी मी रांगेत उभा राहून हे पाहत होतो आणि माझं टाळकं सरकलं. रिक्षात बसल्या बसल्या मी म्हटलं, "बाबा, तीच थरथर. तिला नारळ आणि मला चप्पल?"

बाबा शांतपणे म्हणाले, "तिच्या अंगात देवी येता. तुझ्या अंगात कोण येता? सेक्रेटरी?"

रिक्षावाला हसला. बायकोने बाहेर रस्त्याकडे तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते, आणि तो झटका नव्हता.

मेंदूच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी मला फक्त झोप यायची, ऑफिसात, टेबलावर. त्यांनीच शेवटी मला एका मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. या बाई साठीच्या असाव्यात, आणि त्यांना आपल्या विषयाच्या इतिहासाचं इतकं वेड होतं की पेशंटला बोलू द्यायचं त्या अधूनमधून विसरायच्या. मी विचारलं, "मला काय झालंय?" त्या म्हणाल्या, "जुन्या पुस्तकांत याला हिस्टेरिया म्हणायचे."

"तो बायकांना होतो ना?" मी दुखावून म्हटलं.

"बसा," त्या म्हणाल्या. मी बसलेलोच होतो.

मग त्यांनी सांगितलं ते असं. जुन्या ग्रीक वैद्यांना वाटायचं की बाईचं गर्भाशय शरीरात भटकतं. वर सरकलं की घुसमट, झटके, बोलती बंद. उपाय काय? नाकाशी घाणेरडा वास धरायचा म्हणजे ते वैतागून खाली पळतं, आणि खालून सुगंध द्यायचा म्हणजे खुशीने येतं. "म्हणजे तुमच्या त्या चोवीस नंबरवाल्यांनी जे केलं," बाई आनंदाने म्हणाल्या, "ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकाला धरूनच होतं."

"पण मला गर्भाशय नाही."

"हा आक्षेपही जुनाच. व्हिएन्नात एका बुजुर्ग सर्जनने भर चर्चेत हाच घेतला होता म्हणतात." मग भूतबाधा आणि चेटूक यांची शतकं त्यांनी दोन वाक्यांत उरकली आणि पॅरिसला पोचल्या. तिथे बायकांचं एक अवाढव्य इस्पितळ. तिथले मोठे डॉक्टर दर आठवड्याला व्याख्यान द्यायचे आणि पेशंट बायकांना झटके यायचे ते सगळ्यांसमोर. बघायला नुसते डॉक्टर नाहीत, शहरातले शिष्ट लोक, लेखक, नट. झटक्याचे टप्पे ठरलेले, पहिला, दुसरा, तिसरा. त्या बायकांना ते टप्पे इतके अंगवळणी पडले की झटके अगदी क्रमाने यायचे. ते डॉक्टर वारले आणि तसले भव्य झटके हळूहळू दिसेनासेच झाले.

मला आमची पार्किंगमधली सभा आठवली, चाळीस डोकी आणि वेफर्स. "म्हणजे त्या बायका नाटक करायच्या?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढला असावा, कारण बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाटक करणाऱ्याला कळतं की आपण करतोय. त्यांना ते होत होतं. फक्त कोणत्या वळणाने व्हायचं, ते आजूबाजूची माणसं ठरवत होती." आणि त्या मोठ्या डॉक्टरांनी पुरुषही दाखवले होते, त्या म्हणाल्या, रेल्वेतले, कारखान्यांतले, अपघातातून उठलेले धडधाकट कामगार. पुढे महायुद्धात तर हजारो सैनिक थरथरत परत आले, तेव्हा हा बायकांचा आजार आहे असं म्हणायची सोय उरली नाही. मग शब्दच पुस्तकातून काढून टाकला. आजार राहिला, दारावरची पाटी तेवढी बदलली.

"तुम्हाला कोणत्या वाक्यावर येतो झटका?" त्यांनी एकदम विचारलं.

"विषय क्रमांक तीनवर."

"त्यात काय असतं?"

मी सांगितलं. सांगताना माझंच मला ऐकू आलं आणि कानशिलं तापली.

खात्री करायला बाईंनी अंधेरीच्या एका हॉस्पिटलात तपासणी करायला सांगितली. डोक्याला वीस-पंचवीस वायरी चिकटवायच्या, वर कॅमेरा लावायचा आणि झटका यायची वाट बघायची. झटक्यात मेंदूत वीज उसळली तर अपस्मार, नाही तर दुसरं. सकाळी नऊला मी वायरी लावून तयार झालो. बायको होती, आणि कधी नव्हे ते बाबाही आले, "घरात बसून काय करू" असं म्हणत.

झटका काही येईना. जन्मात पहिल्यांदा त्याची गरज होती आणि तो फिरकायला तयार नव्हता. अकरा वाजले, बारा वाजले. मशीन बघणारी मुलगी दर अर्ध्या तासाने डोकावायची, "काही?" "नाही हो," आम्ही ओशाळून म्हणायचो. शेवटी बायकोने सूत्रं हातात घेतली. पर्समधून चोवीस नंबरचे अर्ज काढले आणि मला मोठ्याने वाचून दाखवले, चारही वर्षांचे. काही नाही. मग तिने पार्किंगचा वाद आठवून दिला, टेरेसची किल्ली, कबुतरांची जाळी. मी गाढ शांत. "सभेत बरा येतो झटका," ती चिडून म्हणाली, "इथे कसा मेणाच्या पुतळ्यासारखा पडलायस!"

दुपारी तीनच्या सुमारास ती चहा आणायला गेली. खोलीत बाबा आणि मी. बाबा बराच वेळ त्या कॅमेऱ्याकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "नव्या घरात माझी खोली खंय असतली?"

बस्स. खांदा उडाला.

ती मुलगी धावत आली. "आला, आला!" वरात दारात आल्यासारखी ती ओरडली. "काका, अजून थोडा वेळ! छान येतंय!"

रिपोर्ट आला. सगळ्या लहरी नॉर्मल. बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं आणि मी सेक्रेटरी असल्यामुळे मला लिफ्टच्या भाषेत समजावलं. मोटर चांगली, दोर चांगला, वायरिंग चांगलं, तरी लिफ्ट एका मजल्यावर अडते. अडते हे खोटं नाही. त्या मजल्यावर काय आहे ते बोलून बघायचं, दर आठवड्याला यायचं, हळूहळू सुटेल.

बाबांनी त्यातला एकच शब्द उचलला. "नॉर्मल म्हणजे काय नाय ना? म्हणजे नाटकच."

"काका, तो करत नाही. त्याला होतं," बाई म्हणाल्या. "आणि त्या वेळी तुम्ही जे जे बोलता, ते त्याला ऐकू येतं."

बाबा उठून बाहेर गेले. अंधेरीहून मुलुंडपर्यंत बसमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. वीस-पंचवीस वायरी लावून, कॅमेऱ्यासमोर, शास्त्रशुद्ध पद्धतीने मी खोटा ठरलो होतो. मला इतका राग आला होता की घरी आल्यावर मी चौथी नोटीस टाइप केली. ती मात्र मी दिली नाही.

पुढच्या रविवारी सभा. मी राजीनामा खिशात घालूनच उतरलो होतो. पार्किंग भरलेलं; मागच्या रांगेत मोबाइल तयार. बाबा पहिल्या रांगेत, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. विषय क्रमांक तीन. अकराचा आकडा उच्चारायचा नाही असं मी ठरवलं होतं. "दहाच्या नंतरची सदनिका" असं म्हणालो. अंगाला तेवढं पुरलं.

मी खाली पडलो आणि चोवीस नंबरचा आवाज ऐकला. "दरवेळी बरोब्बर याच नंबरला कशी येते हो फीट? बापाला वाचवायचं नाटक आहे सगळं." कुणीतरी खुसखुसलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"नाटक नाय ता," बाबा म्हणाले.

बाबा सभेत कधी बोलत नाहीत.

"आमची गिरण बंद झाली तेव्हा माझो उजवो पाय गेलेलो," बाबा म्हणाले. "तीन म्हयने. जमिनीवर टेकूकच होयना. डॉक्टर म्हणालो, पायाक काय झाला नाय. मी म्हटलंय, मगे तू चालव."

दोघेतिघे हसले. बाबा हसले नाहीत.

"सगळे म्हणाले, काम करूक नको म्हणून नाटक करता. माझो सख्खो भाऊ म्हणालो. हेका आम्ही सांगितला, मोरीत पाय मुरगळलो. हो तेव्हा शाळेत जाय."

ते मला आठवत होतं. लालबागच्या खोलीत कॉटवर बसलेले बाबा, त्यांच्या पायाला तेल चोळणारी आई, आणि शाळेत मित्रांना ऐटीत सांगणारा मी, आमच्या बाबांचा पाय मुरगळलाय. मुरगळलेल्या पायाला तीन महिने लागत नाहीत, हे मला बावन्नाव्या वर्षापर्यंत सुचलं नव्हतं.

"माका नाटकी म्हटल्यानी, ता मी अजून इसरूक नाय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मध्येच चिरकला आणि त्यांनी खाकरून तो परत जाग्यावर आणला. "आणि मी माझ्या झिलाक ताच म्हटलंय."

मग गुडघे धरत, मोठा उसासा टाकत, ब्याऐंशी वर्षांचे बाबा माझ्या शेजारी फरशीवर बसले. मला खूप रडावंसं वाटत होतं, पण दात घट्ट बसलेले. त्यांनी माझा उडणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सोडला नाही. माझं अंग थांबेपर्यंत तो हादरा त्यांच्या हातांतून खांद्यापर्यंत जात राहिला, आणि पार्किंगमधल्या त्या चाळीस माणसांना आम्ही दोघंही थरथरताना दिसत होतो.